मॅचिंगवाल्या भाऊंना, मायकडून आणि माझ्याकडून

भाऊ,

फुले मार्केटातल्या तुमच्या दुकानातून आम्ही मायलेकींनी काहीच घेतलं नाही, त्यामुळे आम्ही तुमच्या लक्षातही नसू. मला मात्र तो पुठ्ठा विसरता येत नाही.

मायची साडी राखाडी, पदरावर रुंद लाल पट्टे. लाल पट्ट्यांमधला राखाडी तिला हिरवट दिसे आणि सोबतचा ब्लाऊजपीस नुसताच राखाडी. पीस बदललाय, असं तिचं म्हणणं. जिथून साडी घेतली, तिथल्या पोराने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ना? डोळे दाखवा आधी." शेजारचे हसले. "मन्हा डोया चांगला शेतस," एवढं बोलून माय जी गप्प झाली, ती तुमच्या पायरीपर्यंत.

तुम्ही साडीच्या खोक्याचा पांढरा पुठ्ठा फाडलात, कात्रीने त्याला दोन भोकं पाडलीत. एक पदरातल्या राखाडीवर, दुसरं पीसवर. लाल झाकला गेला आणि दोन्हीकडे रंग एकच! पुठ्ठा उचलला की पुन्हा हिरवट. पण खरी गोष्ट पुढची. हे तुम्ही मायला आधी दाखवलं नाहीत. मला दाखवलंत, कामावरच्या पोरीला, लेस घ्यायला आलेल्या बाईंना. आम्हा सगळ्यांनाच हिरवट दिसतंय हे आमच्या तोंडून वदवून घेतलंत आणि मग तिला म्हणालात, "माय, आम्हले बी तसंच दिखस."

पीस खरा होता आणि मायचे डोळेही.

घरी येऊन मी वाचत बसले. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं विणणाऱ्यांची तक्रार होती की काळा रंग फिका पडतो. रंगखात्याचे प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी तपासलं, तर रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. त्यावर त्यांनी 1839 साली जाडजूड ग्रंथच काढला. डोळा रंग एकटा जोखत नाही, शेजारपाजार बघून ठरवतो. म्हणून लालाशेजारी राखाडी हिरव्याकडे झुकतो. 1995 मध्ये दृष्टीचे अभ्यासक एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांनी तर सावली पडलेल्या, बुद्धिबळासारख्या पटाचं चित्र केलं. त्यातलं एक घर काळपट, दुसरं पांढरं दिसतं, आणि दोन्हींचा राखाडी अगदी एकच. सांगितलं तरी डोळा ऐकत नाही, तिथे मायने काय करावं?

हे त्या पोराला ठाऊक नसेल, तर नसू दे. पण म्हातारं माणूस काही सांगतंय तर मान वर करून बघायला कोणता ग्रंथ लागतो? गल्ल्यावर बसणारे पुष्कळ आहेत, भाऊ. ज्यातून रुपया सुटणार नाही अशा कामासाठी उठून कात्री शोधणारा विरळाच.

पुठ्ठा मायने मागून घेतला होता. आता गल्लीतल्या बायकांना घरी बोलावून दाखवते, आणि त्यांना हिरवट दिसलं की खूश होते.

ब्लाऊज शिवायला टाकलाय. आखाजीला माय तीच साडी नेसणार आहे, आणि सांजोऱ्यांचा डबा घेऊन आम्ही तुमच्याकडे येणार आहोत. त्या दिवशी दुकान बंद ठेवू नका.