रविवारच्या ड्राइव्हआधी: कोल्ड एअर इन्टेकवाल्यांनी वाचाच

सभासदहो, रविवारी सकाळी 7 वाजता नेहमीच्या जागेवरून निघायचंय. वाटेत पाणी साचलेलं असणार.

कोल्ड एअर इन्टेक म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा देणारा, वेगळा बसवलेला पाइप आणि एअर फिल्टर. ज्यांचा हा फिल्टर बंपरमागे, चाकाजवळ खाली बसवलाय त्यांनी शनिवारपर्यंत मूळ एअरबॉक्स (गाडीसोबत आलेली फिल्टरची पेटी) परत लावावा. फिल्टरवरचं कापडी कव्हर शिंतोडे अडवतं, बस्स. फिल्टर बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर बुडाल्यावर पाइपमध्ये वरून हवा घेणारा बायपास व्हॉल्व्ह टर्बो गाड्यांना चालत नाही.

- खोली कळत नसेल तर गाडी पाण्यात घालू नका.
- पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका, कृपा करून! माझा रॉड त्या दुसऱ्या स्टार्टरलाच गेला. हाक मारा, सगळे मिळून गाडी ढकलून बाहेर काढू.