आधी त्यांच्यावर बोला

प्रिय अनिल,

पत्र मिळालं. रागात लिहिलंयस हे अक्षरावरूनच कळलं. शेवटच्या पानावर तर एकही काना धड उभा नाही. व्याख्यान रद्द झालं याचं मला फारसं आश्चर्य वाटलं नाही, पण कारण वाचून हसू आलं. विषय वैज्ञानिक दृष्टिकोन. तो तर १९७६ पासून घटनेच्या ५१-क कलमात नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून छापलेला आहे. आणि तक्रार काय, तर वक्ता नास्तिक आहे! म्हणजे कर्तव्य सांगायला हरकत नाही, सांगणारा तेवढा भाविक हवा.

तुझा खरा सवाल मात्र व्याख्यानाचा नाही. 'आमचा देवाधर्माला विरोध नाही, शोषणाला आहे' हे पालुपद आणखी किती वर्षं आळवायचं, असं तू विचारतोस. मवाळ बोलून आपल्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे दाभोलकर वाचले का, असंही विचारतोस. आणि म्हणून यापुढे आडपडदा न ठेवता, देवाचं नाव घेऊन, थेट बोलायचं ठरवलंयस.

मग दाभोलकरांपासूनच सुरुवात करू. समितीची भूमिका तुला माझ्याइतकीच पाठ आहे. देव मानणं-न मानणं ज्याचं त्याने ठरवावं, आपण लढायचं ते देवाच्या नावाने होणाऱ्या फसवणुकीशी. नट डॉ. श्रीराम लागूंना हे पुरेसं वाटायचं नाही. ते भर सभेत देवाला निवृत्त करा म्हणून सांगायचे, आणि त्याच व्यासपीठावर बसलेले दाभोलकर शांतपणे म्हणायचे, समितीची भूमिका वेगळी आहे. दोघांचा तो वादसंवाद गावोगाव झाला. आता हिशोब बघ. देवाला थेट नाकारणारे लागू २०१९ साली, वयाच्या ९२व्या वर्षी, वार्धक्याने गेले. उपासनेचा हक्क मान्य करणाऱ्या दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात पुलावर गोळ्या घातल्या.

तू यातून काढतोस की मवाळपणा फुकट गेला. मला यातून उलटंच दिसतं. नुसत्या शब्दांचा कुणाला फारसा धाक नसतो. लागूंकडे विचार होता आणि तो मांडायची अफाट ताकद होती. दाभोलकरांकडे त्याखेरीज शाखा होत्या, बुवांच्या दारात जाऊन उभे राहणारे कार्यकर्ते होते आणि विधिमंडळात वर्षानुवर्षं अडकलेलं, तरी न सोडलेलं जादूटोणाविरोधी विधेयक होतं. हा माझा तर्क आहे, पण कोल्हापुरात कम्युनिस्ट नेते पानसरे आणि धारवाडमध्ये कन्नड अभ्यासक कलबुर्गी यांच्यावर २०१५ साली गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा तो पक्का झाला. पानसरे कामगारांत आणि वाचकांत पाय रोवून होते, कलबुर्गी वचन साहित्याचे अभ्यासक, म्हणजे लिंगायत परंपरेच्या आत शिरून बोलणारे. तिघांपैकी कुणीही देवाला शिव्या देत हिंडत नव्हतं.

तेव्हा मवाळ बोललं म्हणजे जीव वाचतो, हे मीही मानत नाही. पण मवाळ बोलायचं ते जीव वाचवायला, असं आपल्याला सांगितलं कुणी?

जटेचं उदाहरण घे. एखाद्या बाईच्या केसांत गुंता होतो, तेल-पाणी लागत नाही, गुंत्याची जट होते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, देवीचं बोलावणं आलं. मग कात्री लावायची नाही, विंचरायचं नाही. मान दुखते, उवा होतात, वास येतो, झोप लागत नाही. काही जणींना तर देवीला सोडून देण्यापर्यंत गोष्ट गेलेली. जट सोडवायला जाणाऱ्या कार्यकर्त्या त्या बाईसमोर बसून 'देवी नाहीच' असं म्हणत नाहीत. म्हटलं तर ती उठून जाईल, आणि तिची सासू दार लावून घेईल. त्या म्हणतात, जट कापल्याने कोप होत नाही, या बघ, या बायकांनी कापली, त्यांचं सगळं नीट चाललंय. त्या बाईची श्रद्धा शाबूत राहते आणि मान मोकळी होते. तुझ्या हिशोबात हा अर्धा विजय आहे. तिच्या हिशोबात पुरा आहे, आणि मला तिचा हिशोब जास्त पटतो.

आणि हे बोलणं बेताचं असूनही लोकांना किती टोचलं, ते जादूटोणाविरोधी कायद्याच्या वेळी आपण पाहिलंच. वारी बंद होणार, सत्यनारायण बंद होणार अशी आवई उठली होती. दाभोलकर सांगून थकले की मसुद्यात देव आणि धर्म हे शब्दच नाहीत. त्यांच्या खुनानंतर चार दिवसांत अध्यादेश निघाला, डिसेंबरात कायदा झाला, आणि तो होताना आणखी काय काय घालावं लागलं बघ: प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन, मुलांचे कान टोचणं, वास्तुशास्त्राचा सल्ला, जोशी-ज्योतिषी आणि हो, नंदीबैलवालेसुद्धा! या सगळ्यांना हा कायदा लागू नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. नंदीबैलाला कायद्याचं अभय देणारं आपलं राज्य बहुधा एकमेव असावं. मला मात्र यात पराभव दिसत नाही. नरबळी, अघोरी उपचार, भूत उतरवण्यासाठी मारहाण हे आता गुन्हे आहेत, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद होते. बैल हलवू दे मान.

आता तुझा दुसरा राग. तक्रारदाराने म्हणे विचारलं, 'हिंदूंवरच का बोलता, हिंमत असेल तर आधी त्यांच्यावर बोला.' हा प्रश्न विचारला गेला नाही अशी सभा मी पाहिलेली नाही. तू त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या धर्मांतल्या अंधश्रद्धांची यादीच वाचून दाखवणार आहेस. नको वाचूस. यादी वाचलीस की तू त्याच्याच खेळात उतरलास, आणि त्या खेळात तुला कधीच पुरेसे गुण मिळणार नाहीत.

कारण 'त्यांच्यावर' बोलणारे होऊन गेलेत, आणि त्यांचं काय झालं हे विचारणाऱ्याला ठाऊक नसतं. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम बायकांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. फक्त सात, पण बाकीचा समाज अंगावर येणार हे माहीत असून निघालेल्या. १९७० मध्ये त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. नाव फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेलं, हे लक्षात ठेव. त्यांना मुसलमान मानायलाच त्यांचे विरोधक तयार नव्हते. आणि इकडे टाळ्या वाजवणारे हिंदू होते, ते दलवाई हिंदू जातीयवादावर लिहायला लागले की टाळ्या थांबवायचे. तेच सावरकरांच्या बाबतीत. त्यांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या किती जणांना गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, हे त्यांचं म्हणणं मोठ्याने वाचता येईल? भगतसिंगाचंही तसंच. फोटो सगळ्यांना हवा, तुरुंगात त्याने स्वतःच्या नास्तिकपणाची जी बाजू मांडली ती नको.

ख्रिश्चनांचं हवं असेल तर २०१२ साल आठव. विलेपार्ल्याला इर्ल्याच्या चर्चमध्ये क्रुसावरच्या येशूच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं, लोक ते तीर्थ म्हणून प्यायले. चमत्कारांची तपासणी करणारे बुद्धिवादी सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं. जवळची मोरी तुंबली होती, पाणी भिंतीतून केशाकर्षणाने वर चढत होतं. इतकी साधी गोष्ट, आणि त्यावर धार्मिक भावना दुखावण्याच्या २९५-अ कलमाखाली तक्रारी झाल्या, आणि माणूस देश सोडून फिनलंडला गेला.

माझं निरीक्षण असं की आपल्याकडे टीकेपेक्षा टीका करणारा कोण, हे आधी बघतात. तुकोबांनी नवसाची टर उडवली, गाडगेबाबा कीर्तनात देवळातल्या दगडाची खिल्ली उडवत, आणि समोरचे लोक हसत, माना डोलावत. आगरकरांनी १८८८ पासून 'सुधारका'त त्याहून सभ्य भाषेत लिहिलं, तर पुणेकरांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. बाबांच्या हातात झाडू होता, गळ्यात देवाचं नाव होतं. आगरकर पडले अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही ते कळूच शकत नाही म्हणणारे. म्हणून 'आधी त्यांच्यावर बोला' याचा अर्थ मी 'तू आमचा आहेस का ते आधी सांग' असा घेतो. त्याला उत्तर एकच: हो, तुमचाच आहे, याच घरात वाढलोय, म्हणून याच घरातलं आधी दिसतं. दलवाईंनीही हेच केलं, फक्त त्यांचं घर वेगळं होतं.

तरी यातला धोका तूच मला कधीतरी दाखवला होतास. आतल्यानेच बोलावं असं ठरलं तर बाहेरच्याचा हक्कच संपला. आणि आत कोण, बाहेर कोण, हे ठरवणार कोण? दलवाईंना बाहेर काढायला कितीसा वेळ लागला? तेव्हा पद्धत आतल्यासारखी असू दे, हक्क मात्र बाहेरच्यालाही हवाच, आणि तिथे मी तुझ्याइतकाच कडवा आहे.

त्या हक्काच्या आड येतं ते २९५-अ. आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ झालंय, पण वृत्ती तीच. १९२७ साली लाहोरात प्रेषितांविषयीच्या एका पुस्तिकेचा प्रकाशक हायकोर्टातून सुटला, कारण त्या वेळच्या कायद्यात तो गुन्हा बसत नव्हता. गदारोळ झाला आणि इंग्रजांनी घाईने नवं कलम घातलं. शांतता राखायला म्हणून आणलेलं कलम. दोन वर्षांत त्या प्रकाशकाचा खून झालाच. सुप्रीम कोर्टाने १९५७ मध्ये कलम वैध ठरवलं, पण मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेला अपमानच त्यात येतो, चुकून झालेला नाही, असंही सांगितलं. प्रत्यक्षात निकालापर्यंत कोण थांबतो? पोलिस ठाण्यात अर्ज पडला, सभागृहाच्या मालकाला फोन गेला की काम झालं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुण्यातला नास्तिक मेळावा असाच बारगळला. त्या दिवशी रामनवमी होती, पोलिसांनी काळजी व्यक्त केली, आयोजकांनी कार्यक्रम मागे घेतला. बंदी कुणी घातलीच नव्हती, त्यामुळे दाद तरी कशाविरुद्ध मागणार?

म्हणून तुला थेटपणाच दाखवायचा असेल, तर तो मूर्तीच्या टवाळीत खर्च करण्यापेक्षा इथे लाव. फॉर्ममधल्या धर्माच्या रकान्यात 'नाही' लिही. सरकार कुणाला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, हे मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्येच सांगितलंय. नाशिकच्या एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडले नाहीत म्हणून त्याची वेतनश्रेणी अडवली होती. तो हायकोर्टात गेला आणि जिंकला. देवाला एक वाकडा शब्द न बोलता त्याने जे केलं, ते आपल्या दहा जहाल भाषणांत झालं नसतं. २०११ च्या जनगणनेत देशभरात स्वतःला नास्तिक नोंदवणारे जेमतेम ३३ हजार होते. इतके थोडे आपण नक्कीच नाही. बाकीचे प्रगणकासमोर बायको बोलली ते ऐकून गप्प बसलेले आहेत, आणि त्यांत तू-मी धरून बरेच ओळखीचे असतील!

घरातलं वेगळंच असतं, नाही का. घरात नास्तिक चालतो. 'त्याचं काही मनावर घेऊ नका हो' म्हणत आरतीचं ताट पुढे सरकतं, आपणही मुकाट्याने प्रसाद खातो. हाच माणूस माईक हातात घेतो तेव्हा तो समाजाचा शत्रू ठरतो. मला प्रसाद खाण्यात काही गैर वाटत नाही. तुला वाटतं, आणि त्यावर आपण भेटू तेव्हा भांडूच.

व्याख्यानाचा मजकूर पाठव. दलवाईंचा भाग वाढव, यादी काढून टाक. दुसरं सभागृह मी बघतोय, एका वाचनालयाचे लोक तयार दिसतात, पण तारीख देण्याआधी त्यांच्या कार्यकारिणीला विचारतील. आणि त्या तक्रारदाराची वकिली नोटीस आलीच तर लगेच चार पानी उत्तर खरडू नकोस. आधी मला फोन कर, मग वकिलाकडे जाऊ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मकरंद