सफारी, गाठ मारलेला शर्ट आणि माझी हाफपँट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि. (बाबांना बरं वाटावं म्हणून असं लिहिलं, पुढचं सगळं नेहमीसारखंच.)

बाबा, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "हमालासारखा काय बसलायस, मिटिंग होती ना तुझी?" मी हसून विषय बदलला कारण खरंच दोन मिनिटांत मिटिंग होती. पण फोनवर आपलं भांडण कधी पुरं होतच नाही, ऐन रंगात आलं की तुमची रेंज जाते नाहीतर आईचा कुकर होतो, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

पहिले हमालाचं बघू. तुमचा तो परळच्या चाळीच्या गॅलरीतला फोटो आठवतोय का, निळा शर्ट, खालची बटणं उघडी, पोटावर गाठ, केस कानावर आलेले? १९७५ साल, दीवार नुकताच लागलेला. त्यात अमिताभ कोण होता? गोदीतला हमाल! म्हणजे कॉलेजात असताना तुम्ही खास पैसे मोडून हमाल दिसायला बघत होतात, आणि आजोबा तुम्हाला काय बोलले असतील ते मी न सांगता सांगू शकतो. गंमत म्हणजे ती गाठसुद्धा स्टाइल म्हणून नव्हती, अमिताभनेच नंतर सांगितलंय की शिंप्याने शर्ट भलताच लांब शिवला होता आणि शूटिंग तर थांबवता येत नव्हतं, मग दिली गाठ मारून. शिंपी चुकला आणि अख्ख्या देशातली पोरं पोटावर गाठी मारत फिरली. (आई, तू हसू नकोस. १९९८ ला कुछ कुछ होता है बघून मी शाहरुखची ती 'कूल'वाली चेन गळ्यात घातली तेव्हा कुत्र्याचा पट्टा कोण म्हणालं होतं ते माझ्या लक्षात आहे.)

पण तुम्हाला इस्त्रीचं एवढं का असतं हे मला हल्ली हल्ली कळायला लागलंय. लहानपणी मला तुमची सफारी बिलकुल आवडायची नाही, मित्रांचे वडील टाय लावायचे आणि तुम्ही आपले त्या बिस्किटी नाहीतर राखाडी सफारीत, चार खिसे, एकात पेन, एकात पास, एकात आईने दिलेली भाजीची यादी. आता मला विचाराल तर आपल्या हवेला आणि आपल्या लोकलला शोभेल असा पुरुषांचा ऑफिसचा ड्रेस सफारीशिवाय दुसरा झालाच नाही. इन करायची भानगड नाही, टायचा फास नाही, हाफ बाह्या, आणि टेरिकॉट असं की डोंबिवली फास्टमधून उतरलात तरी एक सुरकुती नाही. पुढे ती पुढाऱ्यांच्या पीएंनी आणि बॉडीगार्डांनी एवढी घातली की नॉर्मल माणसाने सोडली, पण ही काही सफारीची चूक नाही.

आणि आजोबा. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायचे, त्यात ते आठ तास बनियन आणि हाफपँटवर उभे. लोकांच्या सुटाचं कापड विणणारा माणूस स्वतः हाफपँटवर! मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर आले, आणि त्यातले कितीतरी परत आत गेलेच नाहीत, आपले आजोबा धरून. तुम्हाला तेव्हा सरकारी नोकरी लागून दोन-तीन वर्षंच झाली होती ना? त्या खोलीतून सकाळी कामाला बाहेर पडणारा इस्त्रीचा एकच जोड उरला होता, तुमचा. आजी तांब्यात निखारे घालून त्या जोडावर स्वतः फिरवून द्यायची हे मला आत्याने सांगितलं, तुम्ही कधी बोलला नाहीत.

तर आता माझं ऑफिस. लोअर परळला ज्या कंपाउंडमध्ये मी जातो ती एका गिरणीचीच जागा, चिमणी अजून उभी आहे, रात्री तिच्यावर लाइट सोडतात. आत एसी इतका की मे महिन्यात जॅकेट लागतं. आणि बाबा, तिथे सगळ्यात चांगला ड्रेस कोणाचा असतो सांगू? खालच्या सिक्युरिटीवाल्याचा. कडक इस्त्री, टाय, पॉलिश केलेले बूट, मे महिन्यात पण. त्याच्यानंतर नंबर हाउसकीपिंगच्या मुलांचा, युनिफॉर्म, शर्ट इन, छातीवर नाव. वर चढत जाल तसे कपडे ढिले होत जातात, आणि आमचा सगळ्यात मोठा साहेब तर हाफपँट आणि चुरगळलेल्या टीशर्टवर येतो. त्याला कोणी विचारत नाही, आणि सिक्युरिटीवाल्याने टाय सैल केला तर त्याचा पगार कापतात. आजोबांच्या वेळी हाफपँट घालणारा कोण आणि आता कोण, बघा. तुमच्या साहेबाला साहेब वाटायला टाय लागायचा, आमच्याला टाय न घालणं परवडतं एवढाच फरक आहे. त्यामुळे मी टीशर्टवर बसलो म्हणजे मला कामाची किंमत नाही असं नका समजू, उलट मी वरच्यांची नक्कल करतोय, तुम्ही अमिताभची करायचात तशी.

आणि मजा अशी की कॉस्टकटिंगची कुजबुज सुरू झाली की आठवड्याभरात आमच्याकडे कॉलर दिसायला लागतात. कोणी सांगत नाही, मेल नाही काही नाही, आपोआप. गेल्या वेळी माझ्या शेजारचा, वर्षभर क्रॉक्सवर येणारा माणूस, एका सोमवारी लेदरचे बूट घालून आला आणि आम्ही सगळे गप्प बसलो. तो वाचला. दुसरे दोघं गेले, त्यातला एक रोज फॉर्मलमध्येच यायचा.

युनिफॉर्मवरून एक सांगतो, तुम्हाला आवडेल. स्टीव्ह जॉब्ज जपानमध्ये सोनीत गेला होता, तिथल्या कामगारांचे जॅकेट बघून एवढा खूश झाला की ते ज्याने डिझाइन केले त्या इस्से मियाकेकडून ॲपलसाठी पण तसंच काहीतरी करून घ्यायचं ठरवलं. ॲपलच्या लोकांनी हुर्यो उडवली. मग त्याने मियाकेकडून स्वतःसाठीच ते काळे, बंद गळ्याचे टर्टलनेक शंभरएक करून घेतले आणि जन्मभर तेच घातले. म्हणजे कामगारांचा युनिफॉर्म आवडला, कामगारांनी नको म्हटलं, मग मालकानेच घातला. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स-टीशर्ट बंद केले तो जीआर तुम्ही मला "वाच" लिहून तीनदा पाठवला होतात ना, त्याचं हे माझं उत्तर समजा, उशिरा आलं एवढंच.

आता कामाचं. आत्याच्या सोनूच्या लग्नात म्हणे मुलाकडचे सगळे भाऊ एकाच रंगाच्या जॅकेटमध्ये उभे राहणार आहेत, भाड्याने आणायचे. मी नाही घालणार, भाड्याच्या त्या जॅकेटात मी बँडवाला दिसतो. मी पँट शिवतोय. आई, तुझ्या गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात आहेराचे पँटपीस आहेत, डांबराच्या गोळ्यांत, त्यातले निम्मे आपण लोकांना दिले आणि फिरून आपल्याकडेच आले हे मला माहितीय. त्यातला राखाडी, बारीक चौकडीचा बघ, खोक्याची प्लास्टिकची खिडकी फाटलेली आहे तो. चॉकलेटी नको, तो उन्हात चमकतो. आणि देण्याआधी आत कोणाच्या नावाची चिठ्ठी नाही ना ते बघ, गेल्या वेळी काकांचा पीस काकांनाच गेला होता.

माझं जुनं माप पाठवू नका बाबा, कंबर ती राहिली नाही. इथे स्टेशनजवळ एक म्हातारे शिंपी आहेत, ते प्लेट घालू का विचारत होते, मी नको म्हटलं, पण आत दोन इंच माया, म्हणजे शिलाईत जादा कापड, ठेवायला सांगितलीय. सहज विचारलं तर सफारी पण शिवतात म्हणाले, तीन मीटर लागेल, आणि वरचं-खालचं एकाच ताग्यातलं हवं, नाहीतर रंग उन्हात वेगळा दिसतो. तुमची मापं आईला टेपने घ्यायला सांगा, छाती, पोट, सीट, उंची, आणि पोट आत ओढून उभे राहू नका.

तुमचा,
मन्या