वॉलपेपरची खळ न धुता भिंतीला रंग दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

कोथरूड, पुणे येथील आमच्या फ्लॅटमधल्या दोन भिंतींचा जुना व्हिनाइल वॉलपेपर काढून रंग देण्याचे काम आपल्या कंपनीने गेल्या महिन्यात केले. हॉलची भिंत 12 बाय 10 फूट, बेडरूमची 11 बाय 10, एकूण 230 चौरस फूट. कोटेशनमध्ये ‘वॉलपेपर काढणे, भिंत स्वच्छ करणे, एक हात प्रायमर, दोन हात रंग’ असे लिहिले आहे. त्यातले ‘भिंत स्वच्छ करणे’ झालेलेच नाही. काम संपल्यावर दहाव्या दिवशी हॉलच्या भिंतीवर केसासारख्या भेगांचे जाळे उमटले आणि आता दाराच्या बाजूला पोपडे सुटत आहेत.

आपल्या सुपरवायझरांनी पाहणी करून ‘भिंतीत ओल आहे’ असा शेरा दिला. तो आम्हाला मान्य नाही. ही भिंत हॉल आणि बेडरूमच्या मधली आहे. तिच्यात पाण्याची लाइन नाही, पलीकडे बाथरूम नाही. ओलीमुळे भिंत खराब झाली तर पुट्टीही भुसभुशीत होते, बऱ्याचदा पांढरे क्षार वर येतात. इथे पुट्टी टणक आहे, सुटतोय तो फक्त प्रायमर आणि रंग. सुटलेला पोपडा उलटा करून त्याच्या पाठीवर ओले बोट फिरवले की ती बाजू लगेच बुळबुळीत होते. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब तिथे टाकला, तर डाग निळा-काळा पडला. रंगाच्या बाजूवर टाकलेला थेंब तपकिरीच राहिला. ही वॉलपेपर चिकटवायच्या स्टार्चच्या खळीची खूण आहे. दोन्ही थेंबांचे फोटो सोबत जोडले आहेत.

वॉलपेपरची खळ वाळली तरी पाण्यात पुन्हा भिजते. तिच्यावर पाण्याचा प्रायमर लावला की ती फुगते आणि वाळताना आकसते. आकसताना वरचा थर ओढला जातो, भेगा तिथूनच पडतात. म्हणून कागद निघाला म्हणजे भिंत तयार झाली, असे होत नाही.

मुळात कागद काढतानाच घाई झाली. व्हिनाइलचा वरचा थर पाणी आत जाऊ देत नाही. तो आधी कोपऱ्यातून सोडवून कोरडाच सोलायचा, मग खाली राहिलेला कागदी थर भिजवायचा. बादलीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन चमचे, स्पंजने एका वेळी तीन-चार फुटांचाच पट्टा, आणि 10 ते 15 मिनिटे थांबायचे. कागद गडद दिसू लागला की स्क्रॅपर आडवा धरून तो अलगद निघतो. आपल्या कामगारांनी व्हिनाइलवरूनच पाणी मारले आणि लगेच लोखंडी स्क्रॅपर उभा धरून खरवडले. बेडरूमच्या भिंतीत त्यामुळे नखाएवढे खळगे पडले आहेत, काही ठिकाणी आतले प्लास्टर दिसत होते. ते न भरता त्यांवरच प्रायमर फिरवला. संध्याकाळी बाजूने उजेड पडला की प्रत्येक खळगा मोजता येतो.

आणखी एक गंभीर गोष्ट. स्विचबोर्डच्या भोवती पाणी मारताना त्या खोलीचा एमसीबी (वीज तोडणारा मुख्य स्विच) बंद केलेला नव्हता. हे सर्व कामगारांच्या जिवाशी खेळणे आहे, याची नोंद कृपया वेगळी घ्यावी.

आपण देऊ केलेला ‘टच-अप’ आम्ही स्वीकारू शकत नाही. त्यातल्या पाण्याने तीच खळ पुन्हा भिजेल आणि भेगा शेजारी सरकतील. ऑइल प्रायमर मारून खळ दाबण्याचा पर्यायही नको, कारण खालचा थर सुटलेला असताना तो टिकणार नाही.

आमची मागणी अशी: हॉलच्या भिंतीवरचा नवा रंग आणि प्रायमर पुट्टीपर्यंत काढावा. भिंत कोमट पाण्याने किमान दोनदा धुवावी, पाणी गढूळ झाले की बदलावे. ओला हात फिरवून कुठेही बुळबुळीत लागत नाही हे आमच्यासमोर दाखवावे. सध्याच्या पावसाळी हवेत भिंत निदान दोन दिवस वाळू द्यावी आणि मगच प्रायमर लावावा. बेडरूमचे खळगे पुट्टीने भरून, पॉलिश पेपर मारून ती भिंत नव्याने रंगवावी. हे काम वॉलपेपर काढण्याचा अनुभव असलेल्या माणसाकडून, विनामूल्य व्हावे. जमत नसेल तर भरलेली पूर्ण रक्कम परत करावी.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू.

सोबत: कोटेशन, पावती, दोन्ही भिंतींचे आणि आयोडीनच्या दोन्ही थेंबांचे फोटो. पोपड्यांचे तुकडे पिशवीत जपून ठेवले आहेत, पाहणीच्या वेळी दाखवू.

आपली ग्राहक