कॅमेरा कोणी धरला होता?

संपादक महोदय,

‘लांडग्यांच्या कळपात वाढलो’, ‘अस्वलांनी मला आपलं मानलं’ असं कुणी सांगू लागलं, की मी आधी विचारतो : मग कॅमेरा कोणी धरला होता? मिशा डिफोन्सेका या लेखिकेने लांडग्यांच्या सोबतीची आपली ‘आठवण’ १९९७मध्ये पुस्तकरूपात छापली. ती बनावट असल्याची कबुली थेट २००८मध्ये दिली. तोवर अनेक भाषांत खपलीसुद्धा!

टिमथी ट्रेडवेल मात्र थापाड्या नव्हता. अलास्कात तो तेरा उन्हाळे खरोखरच अस्वलांजवळ राहिला, त्यांना लाडाची नावं दिली. ऑक्टोबर २००३मध्ये अस्वलानेच त्याला आणि त्याच्या मैत्रिणीला मारलं. प्राणी माणसाला सरावतो, इतकंच. त्याला आपण जिव्हाळा म्हणतो. मृतदेह आणायला गेलेल्या रेंजरांनी तिथे दोन अस्वलांनाही गोळ्या घातल्या.

– एक वाचक