तिला घरी बसवू नका, तिची वाट सोपी करायला हात द्या

सोलापूरकरांनो, सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात आमच्या गल्लीतली एक मुलगी अचानक क्लासला यायची थांबली. अकरावीची, हुशार. आम्ही घरी गेलो तेव्हा ती आईशेजारी मांडीवर सूप घेऊन बसली होती, पत्र्याच्या मापावर तेंदूचं पान ठेवून कात्रीनं कापत होती. आई म्हणाली, "बास झालं शिकणं. मला हाताखाली कोणीतरी पाहिजेच की." खरं कारण मुलीनं आम्हाला जिन्यात सांगितलं. तीन आठवडे दोन पोरं गाडीवरून तिच्या मागे येत होती. गाडी हळू करायची, नावानं हाक मारायची, बोळाच्या तोंडाशी आडवी लावायची. तिनं धीर करून घरी सांगितलं आणि घरच्यांनी तिलाच घरी बसवलं.

ती पोरं अजून त्याच कट्ट्यावर बसतात.

आईला आम्ही दोष देत नाही. दिवसाला हजार विड्या वळून घर चालवणाऱ्या बाईकडे मुलीला सोडायला आणि आणायला वेळ कुठून येणार? पण पूर्व भागात अशा किती मुलींचं शिक्षण एखाद्या बोळापाशी संपलं असेल, या विचारानं आम्हाला झोप लागेना. म्हणून आम्ही २३ जण एकत्र आलो. कुणी यंत्रमागावर काम करतं, कुणी गारमेंटमध्ये, बाकीचे कॉलेजात आहेत.

आधी फक्त मुलगे रस्ते बघून आले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे, कोणी काही करत नाही." दुसऱ्या दिवशी मुली पुढे चालल्या आणि मुलगे वीस पावलं मागे. अशोक चौकाच्या बाजूनं घरी पोहोचेपर्यंत आमचे मुलगे गप्प झाले होते. रोज त्याच रस्त्यानं जाऊनही त्यांना हे कधी दिसलं नव्हतं. त्या रात्री जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आम्ही नकाशा काढला आणि त्रासाच्या जागांवर लाल टिकल्या चिकटवल्या. एक पाकीट पुरलं नाही.

आता कामाचं बोलतो. बंद दिव्यांसाठी महापालिकेकडे अर्ज दिला आहे, पाठपुरावा चालू आहे. पण थंडीत सहा-साडेसहालाच अंधार पडतो आणि क्लास सुटतात साडेसातला. तोवर सहा बोळांत घरमालकांच्या परवानगीनं भिंतीवर दिवे लावायचे आहेत, वीज ते देणार आहेत. शिवाय माहितीपत्रक छापायचं आहे, मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषांत, कारण आमच्या भागात चारही घरोघरी बोलल्या जातात. दोन्ही मिळून ३८,००० रुपये लागतील. पन्नास रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि हिशोब आमच्या मंडळाच्या फळ्यावर लागेल.

पत्रकात काय असेल, तेही सांगतो. मुलीनं नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अश्लील शेरेबाजी कलम ७५ मध्ये येते. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, आणि अशी तक्रार महिला अधिकाऱ्यानंच नोंदवायची असते. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदाही आहे. महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. विड्या जमा करायला जाताना किंवा धुण्याभांड्याच्या कामावर त्रास झाला, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. हे आमच्या आयांपैकी एकीलाही माहीत नव्हतं. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत असतील.

पैशांइतकीच माणसंही हवी आहेत. रात्री नऊपर्यंत दुकान उघडं ठेवणाऱ्यांनी फक्त एवढं करावं: घाबरलेली मुलगी आत आली तर तिला स्टूल द्यावं, पाणी द्यावं, घरी फोन लावू द्यावा. तेलुगू बोलणाऱ्या अक्का हव्यात, कारण आयांशी मन मोकळं करून बोलणं आम्हा पोरांना जमत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ देणारे वकील हवेत. आणि वडीलमंडळी हवीत, कट्ट्यावरच्या पोरांशी बोलायला. मारायला नको, बोलायला. आमच्यातला एक जण वर्षापूर्वी त्याच कट्ट्यावर बसायचा. आज तो क्लास सुटायच्या वेळी बोळाच्या तोंडाशी उभा असतो.

त्या मुलीच्या आईकडे आम्ही तीनदा जाऊन आलो. दिवे लागले तर सोमवारपासून पाठवते, असं त्या म्हणाल्या आहेत.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडळाच्या खोलीत बैठक आहे. शिडी किंवा ड्रिल मशीन असेल तर सोबत आणा, पहिला दिवा त्याच दिवशी लावायचा आहे.

आपले,
पूर्व भागातील मुलं-मुली