वाटा जोडलेल्या हव्यात

महोदय,

विकास आराखड्यात रस्ते अखंड रेषेने दाखवतात, उद्याने मात्र सुटे हिरवे ठिपके. चालणाऱ्याचा आणि सायकलस्वाराचा खरा प्रश्न त्या ठिपक्यांच्या मधल्या जागेचा असतो. दोन किलोमीटरचा उत्तम सायकल मार्ग मोठ्या चौकाच्या तोंडाशी संपत असेल, तर मुलाला एकट्याने सायकलवर पाठवायला कोणते आईवडील धजावतील? किलोमीटर मोजण्याआधी स्थानिक प्रशासनाने असे तुटलेले सांधे मोजावेत.

जोडणीसाठी जमीन नाही, हे कारण मला पटत नाही. सिंगापूरने १९९० च्या दशकापासून नाल्यांच्या आणि रस्त्यांच्या कडेच्या राखीव पट्ट्यांतून उद्याने जोडली. आज ते जाळे ३०० किलोमीटरहून लांब आहे. अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये तर उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी १९व्या शतकातच बागा, तळी आणि ओढे एका सलग हिरव्या माळेत ओवले, आणि त्यातून पुराचा बंदोबस्तही साधला.

पंधरा मिनिटांत माणूस सव्वा किलोमीटर चालतो, सायकलवर जवळपास चार. शाळा, दवाखाना, बसथांबा बहुधा एवढ्याच टप्प्यात असतात. म्हणून नव्या वसाहतीचा नकाशा मंजूर होतानाच या वाटा आखल्या पाहिजेत. एकदा कुंपणाच्या भिंती उभ्या राहिल्या की चार फुटांची बोळही मिळत नाही. हरकती-सूचनांच्या सुनावणीला व्हीलचेअर वापरणाऱ्यांना आणि शाळकरी मुलांना आवर्जून बोलवा. पदपथाची उंच पायरी कुठे अडवते, हे त्यांनाच नेमके ठाऊक असते.

– एक वाचक